शिडाच्या होडीला उलांडी पांगाऱ्याची की आंब्याची? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मालवणजवळ 18 फुटी शिडाची होडी बांधतो आहोत. सांगाडा उभा आहे, फळ्या सागाच्या. जेटी नाही, रोज तिघांनी होडी वाळूवर ओढायची, त्यामुळे वजनाकडे बारीक लक्ष आहे. मेस्त्रींचा हात उत्तम, पण बरीच वर्षं त्यांच्याकडे इंजिनाच्याच होड्या येतात.

वाऱ्याने होडी कलंडू नये म्हणून तळात दगड भरायचे नाहीत हे ठरलं. दगडांनी होडी सावरते, पण खोल बसते आणि काठ पाण्याजवळ येतो. 1628 मध्ये स्टॉकहोमला पहिल्याच सफरीत बुडालेल्या वासा जहाजात सुमारे 120 टन दगड होते; आणखी भरले असते तर तोफांच्या खालच्या खिडक्या पाण्याला टेकल्या असत्या. रुंदी वाढवावी तर लाकूड वाढतं. म्हणून एका बाजूला उलांडी, म्हणजे होडीपासून दूर आडव्या दांड्यांना बांधलेला तरंगता ओंडका.

खरा पेच पुढे आहे. उलांडी वाऱ्याच्या बाजूला असते तेव्हा तिचं वजन होडीला धरून ठेवतं. होडी वळून वारा पलीकडून लागला की तिचं तरंगणं होडीला उचलून धरतं. म्हणजे एकीकडे जड ओंडका हवा, दुसरीकडे हलका!

ओंडका 9 फूट लांब, 7 इंच जाड, होडीच्या मध्यापासून 6 फुटांवर. आकारमान सुमारे 68 लिटर. पांगारा घनमीटरला 300 किलो धरला तर वजन 20 किलो, पूर्ण बुडाल्यावर उचल 50 किलो. आंबा 600 धरला तर वजन 41 आणि उचल फक्त 29. शीड 100 चौरस फुटांचं. 12 नॉट वाऱ्यात कडेचा रेटा साधारण 25 किलो, तोही पाण्याच्या दोन-अडीच मीटर वर. म्हणजे कलवणारा जोर (किलोतला रेटा गुणिले मीटरमधलं अंतर) 60 च्या आसपास. पांगारा वाऱ्याच्या बाजूला 37 देतो, पलीकडे 91. आंब्याचे आकडे 75 आणि 53. होडीचा स्वतःचा आधार यात धरलेला नाही.

माझा कल पांगाऱ्याकडे आहे. वाऱ्याच्या बाजूची कमतरता माणूस दांडीवर सरकून भरून काढू शकतो, उचल मात्र ऐनवेळी कुठून आणणार? पण पांगारा पाणी पितो. काजूच्या टरफलांचं तेल लावून एका हंगामात तो किती जड होतो, हे कुणी वजन करून पाहिलंय का? आणि दांड्या 6 ऐवजी 7 फुटांवर नेल्या तर लाटेत बांधणीचे दोर टिकतात का? शिडाची उलांडीवाली होडी स्वतः चालवलेल्यांनी जरूर लिहा.