मदत हवी आहे: डिस्नेच्या कॅम्पग्राउंडवर तंबूत राहायचंय, आज रात्री बुकिंग

गोदाकाठची
फ्लोरिडात डिस्ने वर्ल्डच्या फोर्ट विल्डरनेसमध्ये तंबू लावून राहायचं ठरतंय. हॉटेलचे दर बघून डोळे पांढरे झाले. एका जागेवर सगळे मावतील का? तंबू नाशिकमधूनच घेऊन जावा की तिकडे घ्यावा? भाऊ आज रात्री बुकिंग करणार आहे, प्लीज लवकर सांगा.

भटका_सिडको
सगळे म्हणजे किती? कधी जाताय? गाडी आहे का?

गोदाकाठची
आम्ही दोघं, दोन मुलं, आई-बाबा, भाऊ-वहिनी. दिवाळीच्या सुट्टीत.

व्हिसावाले_काका
व्हिसा हातात पडेपर्यंत विमानाची तिकिटं काढू नका. माझ्या साडूने आधी काढली आणि पैसे बुडाले.

गोदाकाठची
काका, व्हिसे झालेत सगळ्यांचे. तंबूचं सांगा ना.

टँपाकर
ताई, एका जागेवर दहा जणांपर्यंत चालतं, तुम्ही आठ आहात. पण दोन तंबू घ्या, आई-बाबांचा वेगळा. प्रत्येक जागेला वीज, पाणी, टेबल आणि कोळशाची शेगडी असते. संडास-बाथरूम सामायिक, रात्री चालत जावं लागतं, म्हणून त्याच्या जवळची जागा मागा. मॅजिक किंगडम या डिस्नेच्या पार्कला थेट बोट जाते, मुलं खूश होतील.

घोटी_एक्सप्रेस
एवढा खर्च करून तंबूतच झोपायचं, तर भंडारदऱ्याला जा. आर्थर लेकच्या काठावर तंबू, गरम पिठलं-भाकरी. नाशिकहून दोन-अडीच तासांत पोचाल.

टँपाकर
दादा, त्यांनी भंडारदरा विचारलाय का?

घोटी_एक्सप्रेस
तिकडे चक्रीवादळांचा हंगाम ३० नोव्हेंबरपर्यंत असतो. म्हाताऱ्या माणसांना तंबूत? निदान केबिन तरी घ्या.

टँपाकर
हंगाम आहे म्हणजे रोज वादळ नसतं. आम्ही ऑक्टोबरमध्ये राहिलो. एकदा सर आली आणि तंबूत पाणी शिरलं, कारण खालची ताडपत्री तंबूच्या बाहेर आली होती. तिच्यावर पडलेलं पाणी सगळं तंबूखाली गेलं. ताडपत्रीच्या कडा आत दुमडा. जमीन वाळूची आहे, खुंट्या लांब हव्यात.

गोदाकाठची
हे कामाचं सांगितलंत! मी इंडक्शन आणि छोटा टेबल फॅन इथूनच घेते, बाबांना रात्री खिचडीच लागते.

भटका_सिडको
नका घेऊ! तिकडे १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. फॅन रडत फिरेल, इंडक्शन चालणारच नाही. गॅसचा डबा तर विमानात अजिबात चालत नाही. तंबूही तिकडेच घ्या, उगाच वजन कशाला. आणि गाडीचं अजून सांगितलं नाहीत!

गोदाकाठची
भाऊ अटलांटाहून स्वतःची घेऊन येतोय. त्याच्याकडचाच फॅन आणि इंडक्शन आणायला सांगते.

टँपाकर
गाडी फक्त तुमच्या जागेपर्यंत. कॅम्पग्राउंडच्या आत फिरायला त्यांची बस, नाहीतर भाड्याची गोल्फ कार्ट. ती चालवायला लायसन्स लागतं.

घोटी_एक्सप्रेस
बघा, वरून कार्टचंही भाडं. भंडारदऱ्याला गाडी थेट तंबूपाशी.

गोदाकाठची
दादा, भंडारदरा आमचा दरवर्षीचा आहे. मुलांना डिस्ने बघायचंय आणि आई-बाबांना सोडून जायचं नाही, म्हणून ही सगळी धडपड. भावाला दोन तंबू आणि बाथरूमजवळची जागा कळवलं. आता एकच: बाबांचे गुडघे दुखतात. हवेची गादी की घडीची खाट?

भटका_सिडको
खाट. जमिनीवरच्या गादीवरून उठताना गुडघ्यांवरच भार येतो. पण तंबूची उंची विचारा भावाला, खाट लावून बाबांना ताठ बसता आलं पाहिजे.