शब्दचर्चा : ब्लॉग सर्व्हरवर ‘टाकायचा’ की ‘बसवायचा’?

प्रश्न : पहिल्यांदाच स्वतःच्या सर्व्हरवर वर्डप्रेस (ब्लॉग चालवायचं सॉफ्टवेअर) घेतोय. सूचनांमध्ये कुठे ‘अपलोड’, कुठे ‘इन्स्टॉल’, कुठे ‘स्थापित करा’ असं येतं. बोलताना आपण सरळ ‘टाकलं’ म्हणतो. हे सगळं एकच का?

उत्तर : नाही, एकच नाही. मोबाईलमध्ये अ‍ॅप ‘टाकलं’ म्हटलेलं चालतं, कारण मागचं सगळं आपोआप होतं. सर्व्हरवर तसं नसतं. आधी झिप फाईल उतरवून घ्यायची, उलगडायची आणि एसएफटीपीने (फायली सर्व्हरवर सुरक्षितपणे पाठवायची पद्धत) पब्लिक_एचटीएमएल या साइटच्या फोल्डरात ‘चढवायची’. इथवर फायली फक्त जागेवर पोचल्या. मग ब्लॉगचा मजकूर साठवायला रिकामा डेटाबेस तयार करायचा, त्याचा तपशील डब्ल्यूपी-कॉन्फिग या वर्डप्रेसच्या सेटिंगच्या फायलीत भरायचा. त्यानंतर ब्राउझरमध्ये साइटचा पत्ता उघडला की इन्स्टॉलर आपली माहिती विचारतो आणि त्या डेटाबेसात लागणारे तक्ते तयार करतो. हे सगळं मिळून ‘बसवणे’. नळ आणून ठेवला म्हणजे बसवला होत नाही, पाइपला जोडून पाणी यावं लागतं. ‘स्थापित करणे’ चूक नाही, पण बोलण्यात ते कुणाच्या तोंडी येत नाही. मी तरी ‘बसवणे’च वापरा म्हणेन.

प्रश्न : कॉन्फिगमध्ये ‘डीबी_यूझर’ आहे. वापरकर्ता म्हणजे मीच ना? माझं नाव घातलं तर डेटाबेसशी जोडणी होत नाही असं येतंय.

उत्तर : नवख्यांची सगळ्यात जास्त अडचण इथेच होते आणि ‘वापरकर्ता’ या शब्दाने ती वाढते. इथला यूझर म्हणजे माणूस नव्हे, डेटाबेसचं खातं. वर्डप्रेस त्या नावाने आत शिरतं. हे खातं होस्टिंगच्या (सर्व्हरवर जागा देणाऱ्या सेवेच्या) पॅनलमध्ये उघडायचं आणि त्याला त्या डेटाबेसवर अधिकार द्यायचे. हे दुसरं काम हमखास राहून जातं. बऱ्याच पॅनलमध्ये नावाच्या सुरुवातीला तुमच्या होस्टिंग खात्याचं नाव आणि अधोरेषा आपोआप लागते, तेव्हा कॉन्फिगमध्ये ते अख्खं नाव लिहा. तुमचं स्वतःचं नाव आणि पासवर्ड इन्स्टॉलर नंतर विचारतो, ते प्रशासकाचं खातं. दोन्हींना ‘डेटाबेसचं खातं’ आणि ‘प्रशासकाचं खातं’ असं वेगवेगळं म्हटलं की घोळ होत नाही.

तसंच कॉन्फिगमध्ये डेटाबेसच्या पत्त्याच्या जागी असलेल्या ‘लोकलहोस्ट’चं. ‘लोकल’ म्हणजे तुमचा संगणक नव्हे, सर्व्हर स्वतः. बहुतेक ठिकाणी तो शब्द आहे तसाच ठेवायचा. होस्टिंगवाल्यांनी डेटाबेसचा वेगळा पत्ता दिला असेल तरच बदलायचा.

प्रश्न : आणि ‘कॅरॅक्टर सेट’?

उत्तर : याला ‘अक्षरसंच’ म्हणा, अर्थ लगेच कळतो. डेटाबेसात कोणती अक्षरं साठवता येतील ते यावर ठरतं. डेटाबेस तयार करतानाच यूटीएफ८एमबी४ हा देवनागरीसकट सगळ्या लिप्या सामावणारा संच निवडा. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, बहुतेक इमोजी ४. नावातला ‘एमबी४’ तेच सांगतो. लॅटिन१ हा पश्चिम युरोपातल्या भाषांपुरता संच राहिला तर देवनागरी त्यात मावत नाही आणि मजकुराच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उरतात. एकदा तशी साठवली गेली की मूळ अक्षरं परत मिळत नाहीत, म्हणून पहिली नोंद लिहिण्याआधीच हे तपासून घ्या.