एंडोमेट्रिओसिस: गोळी घेऊनही कळा थांबत नाहीत, घरी काय सांगायचं?

रात्रपाळी
एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) असलेल्या ओपीडीतल्या बायकांसाठी घरच्या काळजीचं एक पान लिहितेय. सगळ्यात जास्त तक्रार एकच, 'आयब्युप्रोफेन घेतली, काही उपयोग नाही.' गोळी बदलायची की वेळ? आणि वहीत नुसतं 'दुखलं' लिहून आणतात, त्याचं काय करायचं?

पांढरी टोपी
आधी वेळ विचारा. बऱ्याचजणी कळा असह्य झाल्यावरच गोळी घेतात. ही गोळी प्रोस्टाग्लँडिन (गर्भाशय आवळून कळा आणणारं शरीरातलं रसायन) तयार होणं रोखते. जे तयार होऊन बसलंय त्यावर तिचा इलाज नाही. म्हणून पाळीच्या आदल्या दिवशी सुरू करायची, तारीख बेभरवशाची असेल तर पहिली कळ किंवा पहिला डाग दिसताच. ४०० मिग्रॅ, काही खाऊन, दर ८ तासांनी, पहिले २-३ दिवस. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर २४ तासांत १२०० मिग्रॅच्या वर नाही.

नेहमीची चूक म्हणजे हिच्यावर नेप्रोक्सेन किंवा मेफेनॅमिक अ‍ॅसिड चढवणं. तिन्ही एकाच जातीच्या, आराम वाढत नाही, जठराला मार बसतो. जोडीला पॅरासिटामॉल चालते. अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, अशा गोळ्यांनी उसळणारा दमा, रक्त पातळ करणारं औषध, गरोदरपण किंवा त्यासाठी प्रयत्न चालू असतील तर आधी डॉक्टर.

वहीत अशी ओळ हवी: 'दिवस २, सकाळी ७, ओटीपोट उजवीकडे, ८/१०. गोळी ७.१०. नऊला ५/१०. शौचाच्या वेळी टोचलं.' लघवी, शौच आणि संबंधाच्या वेळचं दुखणं वेगळं लिहायचं. ते आपणहून कोणी सांगत नाही, विचारावंच लागतं.

ओटीपोट
शेक १५-२० मिनिटं, मधे कापड ठेवून. पिशवी पोटावर ठेवून झोपायचं नाही. रोज तासन्‌तास शेकलं की कातडीवर तांबूस-तपकिरी जाळी उमटते.

आणि त्या पानावर सरसकट केगेल (खालचे स्नायू आवळण्याचा व्यायाम) लिहू नका! दुखण्यामुळे कटितळाचे (ओटीपोटाच्या तळाचे) स्नायू आधीच आवळलेले असू शकतात, आणखी आवळले तर त्रास वाढतो. उताणं झोपून गुडघे वाकवायचे, श्वास घेताना पोट वर येऊ द्यायचं, खालचे स्नायू सैल सोडायचे. ५ मिनिटं, दिवसातून दोनदा. बाकी फिजिओथेरपिस्ट तपासून ठरवतील.

रात्रपाळी
डायनोजेस्ट (या आजारावरची हार्मोनची गोळी) घेणाऱ्या मधेच डाग दिसले की गोळी बंद करतात. हेही लिहू?

पांढरी टोपी
लिहाच. पहिले काही महिने असे डाग पडतात, त्यासाठी २ मिग्रॅची रोजची गोळी सोडायची नाही. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे आजार नाही, असंही नाही. हे ठळक अक्षरांत. थांबायचं नाही ते कधी: तासाला एक पॅड असे सलग दोन तास भिजले, ताप, चक्कर येऊन पडणं, अचानक उठलेली जबर कळ, किंवा पाळी चुकलेली असताना पोटात दुखणं. तेव्हा गोळीची वाट न बघता थेट दवाखाना.