अलास्का क्रूझ, सोबत आईबाबा: विमा कशाचा घ्यायचा आणि कशाचा सोडायचा? (फोरमवरचा धागा; प्रत्येक पोस्टच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे)

पोटकलम

उन्हाळा आला की अमेरिकेतल्या मराठी घरांत भारतातून आईबाबा येतात आणि सिअॅटलहून निघणाऱ्या सात रात्रींच्या अलास्का क्रूझची बुकिंगं सुरू होतात. पैसे भरताना शेवटच्या पानावर 'ट्रिप प्रोटेक्शन हवं का?' असा चौकोन येतो. निम्मे लोक डोळे मिटून टिक करतात, उरलेले 'लुटायचे धंदे' म्हणत पुढे जातात. माझ्या मते दोघंही चुकतात. मत मांडतो, खोडून काढा.

उदाहरण धरू. मुलगा-सून, दोघांना नोकरीतून मिळणारा हेल्थ इन्शुरन्स. बाबा ७२, बीपी आणि मधुमेह. आई ६८. दोन केबिन. बंदरं: अलास्कातली केचिकॅन, जुनो, स्कॅगवे आणि परतताना कॅनडातलं व्हिक्टोरिया.

ट्रॅव्हल इन्शुरन्स म्हणून जे विकतात त्यात दोन वेगळ्या वस्तू एका पिशवीत असतात. एक, ट्रिप रद्द झाली तर बुडालेल्या पैशांची भरपाई. दोन, आजारपण आणि रुग्णाला विमानाने हलवण्याचा (इव्हॅक्युएशन) खर्च. पहिल्यात जास्तीत जास्त किती बुडेल हे बुकिंगच्या दिवशीच कळतं. दुसऱ्याला वरचं टोकच नाही. जे नुकसान झालं तर चरफडून सोसता येतं त्याचा विमा काढू नये, जे झालं तर घर हलेल त्याचा काढावा. म्हणून माझा सल्ला: आईबाबांसाठी मेडिकल आणि इव्हॅक्युएशन घ्याच, रद्द होण्याचा विमा सोडा, आणि मुलगा-सुनेने स्वतःसाठी काहीही नाही घेतलं तरी चालेल.

आता अलास्काच का? जुनो ही राज्याची राजधानी, पण तिथून बाहेर जाणारा रस्ताच नाही. विमान नाहीतर बोट. गावात हॉस्पिटल आहे, पण हृदयाची किंवा मेंदूची मोठी केस सिअॅटलला विमानाने पाठवतात. अंतर साधारण ९०० मैल. स्कॅगवेला तर फक्त क्लिनिक. कोस्ट गार्डच्या हेलिकॉप्टरने जहाजावरून उचललं तर त्याचं बिल येत नाही. बिल येतं ते पुढच्या एअर अॅम्ब्युलन्सचं, आणि ते पाच आकडी डॉलरच्या खाली क्वचितच असतं.

हिशेबठिशेब

तर्क सुरेख आहे, पण उलटा. एअर अॅम्ब्युलन्स लागणं दुर्मीळ. ट्रिप रद्द होणं नेहमीचं. वयस्कर माणसं सोबत असली की एकाच्या आजारपणात चार तिकिटं बुडतात, कारण बाबा हॉस्पिटलात असताना मुलगा-सून ग्लेशियर बघायला जाणार नाहीत.

क्रूझ कंपन्यांचे नियम साधारण असे: सात रात्रींच्या सफरीचे पूर्ण पैसे सुमारे ९० दिवस आधी भरायचे, त्यानंतर रद्द केलं तर टप्प्याटप्प्याने कापत जातात, आणि शेवटच्या दोनेक आठवड्यांत बहुतेक ठिकाणी भाड्यातलं काहीही परत मिळत नाही. ७२ वर्षांच्या मधुमेही माणसाच्या बाबतीत हे तीन महिने बिनघोर जातील यावर पैज लावायची का, एवढाच प्रश्न आहे.

फक्त विमा काढताना रक्कम फुगवू नका. पोर्टचे कर आणि फी, आधी भरलेली टिप, क्रूझ कंपनीकडून घेतलेल्या शोअर एक्सकर्शन्स (बंदरावर उतरून करायच्या सहली) हे सगळं सफर सुरू होण्याआधी रद्द केल्यास साधारणपणे परत मिळतं. बुडतं ते भाडं, आणि परत न मिळणारी विमानाची तिकिटं. प्रीमियम वय आणि 'ट्रिप कॉस्ट' या दोन आकड्यांवर मुख्यतः ठरतो. लोक सगळ्याची बेरीज टाकतात आणि मग महाग पडलं म्हणून रडतात.

शंकासुर

दोघांनीही पॉलिसीतलं मुख्य कलम वगळलं: आधीपासूनचे आजार.

बाबांना बीपी आणि मधुमेह आहे हे धाग्यातच लिहिलंय. भारतातून आलेल्यांसाठी इथे जो व्हिजिटर इन्शुरन्स विकतात त्यात जुना आजार सहसा कव्हर होत नाही. कव्हर होतो तो 'अक्यूट ऑनसेट'. म्हणजे अचानक, आधी कसलीही लक्षणं नसताना उद्भवलेला प्रकार, आणि २४ तासांत उपचार घेतलेले. छातीत दोन दिवस जड वाटत होतं असं बाबांनी जहाजावरच्या डॉक्टरला प्रामाणिकपणे सांगितलं की तेच केस पेपरवर उतरतं आणि त्याच ओळीवर क्लेम नाकारला जातो. शिवाय अक्यूट ऑनसेटमुळे विमानाने हलवावं लागलं तर काही पॉलिसींत त्याला वेगळी २५,००० डॉलरची मर्यादा असते. जाहिरातीत मात्र दहा लाखांचा आकडा.

सत्तरी ओलांडली की एकूण मर्यादाही उतरते, बऱ्याच पॉलिसींत ५०,००० ते १,००,००० डॉलरवर येते. म्हणजे ज्या माणसाला गरज आहे त्यालाच कमी. याला चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला म्हणतात. त्यापेक्षा क्रूझच्या एक दिवस आधी सिअॅटलला पोचा, एक रात्र हॉटेलात काढा, औषधं हातातल्या बॅगेत ठेवा. निम्मी जोखीम तिथेच मिटते.

बंदरकाठ

एक दिवस आधी पोचण्याला +१. उशीर झाला तर काय होतं हे अनेकांना माहीत नसतं, म्हणून सविस्तर लिहितो. लोकांना वाटतं, सिअॅटलला जहाज चुकलं तर विमानाने केचिकॅन गाठून तिथे चढू. नाही चढता येत. १८८६ चा पॅसेंजर व्हेसल सर्व्हिसेस अॅक्ट हा अमेरिकन कायदा परदेशी झेंड्याच्या (म्हणजे परदेशात नोंदलेल्या, या क्रूझसारख्या) जहाजाला एका अमेरिकन बंदरात प्रवासी घेऊन दुसऱ्या अमेरिकन बंदरात उतरवू देत नाही, मध्ये एखादं 'दूरचं' परदेशी बंदर लागलं तरच. व्हिक्टोरिया परदेशी असलं तरी कायद्याच्या हिशेबात जवळचं. केचिकॅनला चढून सिअॅटलला उतरलात की नियमभंग, आणि प्रत्येक प्रवाशामागे दंड. सबब सात रात्रींची सफर पहिल्याच दिवशी संपते. पॉलिसीतलं 'मिस्ड कनेक्शन' कलम पाहा: बहुधा किमान तीन तासांचा उशीर लागतो आणि मर्यादा काहीशे ते दीड हजार डॉलर. चार माणसांचं भाडं त्यातून निघत नाही.

दुसरं, व्हिसा. व्हिक्टोरियाला जहाज लागणार म्हणून भारतीय पासपोर्टवाल्या आईबाबांना कॅनडाचा व्हिसा लागतो, खाली उतरणार नसले तरी. एच-१बी वाल्या मुलालाही लागतो. तो नसल्याने सिअॅटलच्या धक्क्यावर अडवलं तर कुठलीही साधी पॉलिसी पैसे देत नाही.

पोटकलम

शंकासुर, अक्यूट ऑनसेटबद्दल तुम्ही लिहिलंय ते बरोबर आहे. निष्कर्ष पटत नाही. कव्हर अर्धवट आहे म्हणून शून्य कव्हर घ्यायचं? जुनोत पाय घसरून खुबा मोडला, न्यूमोनिया झाला, अपेंडिक्स फुटलं, यातलं काही बीपी-मधुमेहाचं नाही. सत्तरीतल्या माणसाला हलत्या डेकवर आणि ओल्या लाकडी बोर्डवॉकवर यातली पहिली भीती सर्वांत मोठी.

आणि मुलगा-सुनेला लागत नाही असं म्हणालो त्याचं कारण राहून गेलं. १ जानेवारी २०२२पासून अमेरिकेत नो सरप्रायझेस अॅक्ट हा कायदा लागू आहे. नोकरीतल्या हेल्थ प्लॅनमध्ये एअर अॅम्ब्युलन्स कव्हर असेल तर नेटवर्कबाहेरची (प्लॅनशी करार नसलेली) एअर अॅम्ब्युलन्स कंपनीसुद्धा उरलेलं बिल तुमच्या माथी मारू शकत नाही. डिडक्टिबल आणि कोपे, म्हणजे प्लॅनमध्ये ठरलेला आपला वाटा, तेवढा भरायचा. जमिनीवरच्या अॅम्ब्युलन्सला हे संरक्षण नाही. आईबाबांचा व्हिजिटर इन्शुरन्स मात्र या कायद्याच्या भाषेत हेल्थ प्लॅनच नाही. त्याच विमानातून, तेवढ्याच अंतरासाठी मुलगा गेला तर त्याचं बिल आटोक्यात आणि बाबा गेले तर पूर्ण बिल. म्हणून दोघांसाठी वेगळा निर्णय.

निवांत_पुणे

हे सगळं अमेरिकेत विकत घेण्याबद्दल चाललंय. भारतातून निघण्यापूर्वी इथली ओव्हरसीज पॉलिसी घेता येते, रुपयांत, आणि बरीच स्वस्त. अट एवढीच की निघण्याआधी घ्यायची. न्यूजर्सीला पोचल्यावर आठवण झाली तर बहुतेक कंपन्या देत नाहीत. घेताना तीन गोष्टी तपासा. साठीच्या पुढे खोली, आयसीयू, शस्त्रक्रिया यांच्यावर पोटमर्यादा आहेत का. आधीच्या आजारात जीव वाचवण्यापुरतं तरी कव्हर आहे का आणि किती. जहाजावरचा प्रवास वगळलेला नाही ना. फॉर्मवर बीपी लपवू नका. एजंट "लिहायची गरज नाही काका" म्हणेल, तेव्हा काकांनी ऐकू नये.

केळफूल

निवांत, पोटमर्यादांमुळेच ती स्वस्त असते. अमेरिकेतल्या आयसीयूच्या एका दिवसापुढे खोलीभाड्याची ती मर्यादा कुठे पुरायची?

हिशेबठिशेब यांना प्रश्न: आईबाबा अमेरिकेचे रहिवासी नाहीत. ट्रिप कॅन्सलेशनच्या बऱ्याच अमेरिकन पॉलिसी रहिवाशांनाच विकतात. मग तुमच्या चार तिकिटांचं काय?

हिशेबठिशेब

मुलगा-सुनेने आपल्या तिकिटांची पॉलिसी घ्यायची. त्यात 'फॅमिली मेंबर' आजारी पडल्यास रद्द करण्याचं कारण मान्य असतं आणि आईवडील, सासूसासरे त्या व्याख्येत येतात. आईबाबांच्या तिकिटांसाठी अनिवासींना विकणारी कंपनी शोधायची, अशा कमी आहेत पण आहेत. ती नाही मिळाली तर निम्मे पैसे तरी सुरक्षित.

इथेही जुन्या आजाराचा प्रश्न येतो आणि इथे त्याचं उत्तर जास्त चांगलं आहे. कंपनी पॉलिसीच्या तारखेपासून ६० ते १८० दिवस मागे बघते, याला लुकबॅक म्हणतात. या काळात नवीन निदान, नवीन लक्षण किंवा औषधात बदल झाला असेल तरच तो आजार वगळला जातो. वर्षानुवर्षं तीच गोळी त्याच मात्रेत चालू असेल तर बीपी 'स्थिर' मानतात. पण गेल्या महिन्यात डॉक्टरांनी बीपीची गोळी अॅम्लोडिपीन ५ ची १० केली असेल तर तो बदल झाला, मग बाबा ठणठणीत दिसोत की नसोत. त्यातून सुटायला वेव्हर (ही अट माफ करणारी सवलत) असतो: बुकिंगची पहिली रक्कम भरल्यापासून १४ ते २१ दिवसांत पॉलिसी घ्यायची, परत न मिळणारी पूर्ण रक्कम विम्यात दाखवायची आणि त्या दिवशी प्रवासाला फिट असायचं. वेव्हर प्रवास न करणाऱ्या किंवा त्या पॉलिसीत नाव नसलेल्या नातेवाइकालाही लागू आहे का, हे कंपनीला मेलवर विचारा आणि लेखी उत्तर ठेवा.

आणि बाबांनी ऐनवेळी "नको रे, गारठा सोसत नाही" म्हटलं किंवा त्यांचा व्हिसाच झाला नाही, तर ते साध्या पॉलिसीत बसत नाही. त्यासाठी 'कॅन्सल फॉर एनी रीझन'. प्रीमियम साधारण दीडपट होतो, परत मिळतात ५० ते ७५ टक्के, आणि निघण्याच्या किमान ४८ तास आधी रद्द करावं लागतं.

शंकासुर

दीडपट प्रीमियम भरून पाऊण पैसे परत. आणि हे म्हणे हिशेबठिशेब.

बंदरकाठ

क्लेम का अडकतात ते जहाजाच्या बाजूने सांगतो. जहाजावरच्या मेडिकल सेंटरमध्ये ईसीजी, एक्स-रे, रक्ताच्या मूलभूत तपासण्या, व्हेंटिलेटर असतो. काम एवढंच: रुग्ण स्थिर करायचा आणि पुढच्या बंदरात उतरवायचा. कुठलंही इन्शुरन्स कार्ड तिथे चालत नाही. बिल केबिनच्या खात्यावर चढतं, तुम्ही भरता आणि मग परत मागता. उतरताना आयटमवार बिल आणि डॉक्टरच्या नोंदी मागून घ्या. घरी आल्यावर मिळवायला महिने जातात.

सर्वांत महाग चूक म्हणजे एअर अॅम्ब्युलन्स स्वतः ठरवणं. पॉलिसीच्या असिस्टन्स कंपनीने मंजुरी दिली आणि विमान तिनेच ठरवलं तरच पैसे मिळतात. त्यांचा नंबर फोनमध्ये नको, कागदावर हवा, पासपोर्टसोबत. शिवाय इव्हॅक्युएशन म्हणजे 'जवळचं योग्य हॉस्पिटल'. न्यूजर्सीला मुलाच्या घराजवळ नेणार नाहीत. पार्थिव भारतात नेण्याचा खर्च वेगळ्या कलमात असतो, तो आकडा आईबाबांच्या पॉलिसीत पाहून ठेवा. विषय नको वाटतो, पण नंतर तो शोधायची वेळ येऊ नये.

रद्द करतानाही क्रम पाळा. आधी डॉक्टरांनी तपासून 'प्रवास करू नये' असं लिहून द्यावं, मग क्रूझ कंपनीला कळवावं. उलट क्रमाने झालं की क्लेमवाला तारखा जुळवत बसतो.

केळफूल

मग सुवर्णमध्य: अमेरिकन सर्वसमावेशक पॉलिसीत ट्रिप कॉस्ट शून्य टाकायची. रद्द होण्याचं कव्हर जातं, प्रीमियम एकदम खाली येतो, मेडिकल आणि इव्हॅक्युएशन शाबूत. मुलगा-सुनेसाठी हे पुरे. व्हिक्टोरियाचे आणि जहाजावरचे खर्चही निघतात.

पोटकलम

हे चालेल. मी काहीही नको म्हणालो होतो, पण व्हिक्टोरिया कॅनडात आहे आणि जहाजाचा डॉक्टर नेटवर्कबाहेरचा, एवढ्यासाठी ते स्वस्त कव्हर घ्यायला हरकत नाही. आईबाबांच्या व्हिजिटर पॉलिसीत आणखी एक पाहा: ती 'अमेरिकेत' लागू असते, अमेरिकेबाहेरच्या छोट्या प्रवासाला वेगळी अट असते आणि काहींत क्रूझ थेट वगळलेली असते. 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' घ्या, 'फिक्स्ड बेनिफिट' नको. फिक्स्डमध्ये प्रत्येक गोष्टीला ठरलेली छोटी रक्कम असते, वरचं सगळं तुमचं.

शंकासुर

चाळीस पानांची पॉलिसी बुकिंगच्या घाईत कोण वाचणार?

पोटकलम

अमेरिकन ट्रॅव्हल पॉलिसीला फ्री लुक असतो, बहुतेक १० ते १४ दिवस. आधी घ्या, मग वाचा, नाही पटली तर पूर्ण प्रीमियम परत, फक्त प्रवास सुरू झालेला नसावा आणि क्लेम केलेला नसावा. चाळीस पानं नका वाचू. 'प्री-एक्झिस्टिंग'ची (आधीपासूनच्या आजारांची) व्याख्या, 'फॅमिली मेंबर'ची व्याख्या, एक्सक्लुजन्स (काय वगळलंय ती यादी) आणि इव्हॅक्युएशनचा परिच्छेद. चार पानं होतात.

शंकासुर

वाचतो. क्रूझ कंपनीचा चौकोन मात्र टिक करणार नाही.

हिशेबठिशेब

तो मीही करत नाही. त्यातली मेडिकलची मर्यादा बहुधा तुटपुंजी असते आणि मनाने रद्द केलं तर पैशांऐवजी पुढच्या क्रूझचं क्रेडिट हातात देतात, तेही मुदतीचं.