जुन्या जीपला केबल का जुळत नाही

भाऊ, गाडीतला बिघाड वाचायची ओबीडी केबल नव्या कारला जुळते अन् जुन्या डिझेल जीपला नाही, एवढ्यावरून केबल फेकू नका. सॉकेट दोन्हीकडे १६ पिनांचंच, पण नवी गाडी ६ अन् १४ नंबरच्या पिनांवर कॅन नावाच्या प्रोटोकॉलने (बोलायच्या पद्धतीने) बोलते, जुनी बहुतेक ७ नंबरच्या पिनवर, के-लाइन नावाच्या एकाच वायरीवरून. स्वस्तातल्या काही केबलींत के-लाइन चालतच नाही. मी यवतमाळहून आणलेली तशीच निघाली, पैसे पाण्यात. आधी मल्टिमीटर लावा: १६ वर बॅटरीचे १२ व्होल्ट, ४ वर अर्थ. व्होल्ट नसेल तर फ्यूज बघा, मग वायरी. (घरात कापूस भरला की आमच्याकडे उंदीर गाडीतही शिरतात अन् वायरी कुरतडतात.) हे ठीक असेल तर चावी ऑन ठेवून, केबलीच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोटोकॉल 'ऑटो'वर न सोडता केडब्ल्यूपी (के-लाइनवर चालणारा प्रोटोकॉल) निवडून पाहा.