जपानी रेल्वे: खासगीकरणाआधीची विभागणी

वरच्या प्रतिसादात 'खासगीकरण केलं आणि जपानची रेल्वे नफ्यात आली' असं म्हटलंय. मला मात्र तिथली विभागणी जास्त महत्त्वाची वाटते.

जपानी राष्ट्रीय रेल्वे हे सरकारी महामंडळ १९४९ साली स्थापन झालं. १९६४ मध्ये टोकियो-ओसाका शिंकान्सेन (बुलेट ट्रेन) सुरू झाली आणि नेमकी त्याच वर्षापासून महामंडळाची तूटही सुरू झाली. १९८७ पर्यंत कर्ज ३७ लाख कोटी येनच्या वर गेलं होतं!

१ एप्रिल १९८७ ला त्याच्या सहा प्रवासी कंपन्या झाल्या, त्याही प्रदेशानुसार: होन्शू बेटावर तीन, आणि होक्काइदो, शिकोकू, क्युशू यांना प्रत्येकी एक. मालवाहतुकीची सातवी कंपनी देशभर चालते, पण तिचे स्वतःचे रूळ फारच थोडे. ती प्रवासी कंपन्यांना वापरशुल्क देते. युरोपात रूळ आणि गाड्या वेगळ्या केल्या, इथे प्रवासी कंपन्यांकडे दोन्ही राहिलं. माझ्या मते हाच निर्णय सगळ्यात शहाणपणाचा.

आणि ते कर्ज? त्याचा मोठा हिस्सा एका वेगळ्या सरकारी संस्थेकडे गेला. १९९८ मध्ये ती विसर्जित झाली आणि उरलेला बोजा सरकारी तिजोरीवर पडला. म्हणजे नव्या कंपन्यांची सुरुवातच हलक्या ओझ्यानं झाली.

होन्शूच्या तिन्ही कंपन्या १९९० च्या दशकात शेअर बाजारात आल्या, क्युशू २०१६ मध्ये. होक्काइदो आणि शिकोकू अजूनही सरकारच्याच मालकीच्या आहेत. विरळ वस्ती, लांबच लांब मार्ग आणि होक्काइदोत वर बर्फ; तिथे तिकिटांवर खर्च निघतच नाही.