अंगणवाडी आणि कुटुंब सेवा एकाच छपराखाली: आराखडा कसा करावा?

साखळीकर: डिचोली तालुक्यात पंचायतीच्या जागेवर एकमजली केंद्र व्हायचं आहे, भिंतींसकट ११० चौरस मीटर. रोज ३ ते ६ वयाची २५ मुलं, महिन्यातून एकदा लसीकरण आणि वजन, दर आठवड्याला गरोदर बायकांची बैठक, शिवाय समुपदेशन. जोतं ४५ सेंमी. आराखडेवाल्याने एक मोठा हॉल आणि मध्ये घडीचं पार्टिशन सुचवलंय. पटत नाही.

चिरेबंदी: न पटणंच बरोबर. असलं पार्टिशन नजर अडवतं, आवाज नाही. सुई टोचल्यावर एक पोर रडलं की पलीकडची पंचवीस रडायला लागतात.

वर्गाला ४५ चौ. मी. (मुलामागे १.८), सेवा-खोलीला (लसीकरण, वजन इथे) १८, समुपदेशनाला ९, स्वयंपाकघराला १०, भांडाराला ६, शौचालयांना १०. झाले ९८, उरलेले भिंतींत जातात. बैठक सेवा-खोलीतच घ्या, लसीकरणाचा दिवस सोडून. ६०० चौरस फुटांचा निकष नुसत्या अंगणवाडीचा आहे, त्यात सगळं कोंबू नका.

लस दिल्यावर अर्धा तास थांबवतात, म्हणजे गर्दी टोचण्याच्या टेबलापाशी नाही, बाहेर बसण्याची होते. त्यासाठी पडवी २ मीटर खोल आणि सेवा-खोलीला दोन दारं: एकातून आत, दुसऱ्यातून पडवीत. वर्गातून कुणी जायचं नाही. उताराचा रॅम्प १:१२, म्हणजे ४५ सेंमीला ५.४ मीटर, दोन्ही टोकांना सपाट जागा वेगळी. त्यावर छप्पर हवंच, नाहीतर जुलैत शेवाळावरून बाळंतीण घसरेल.

एक बारीक गोष्ट: उंची मोजायची पट्टी लावाल त्या भिंतीला ६० सेंमी भागात स्कर्टिंग (भिंतीच्या तळाची लादीची पट्टी) नको. ते सेंटीमीटरभर पुढे येतं, टाचा भिंतीला टेकत नाहीत, नोंद चुकते. दोन वर्षांखालच्यांना आडवं मोजतात, त्यासाठी टेबल वेगळं.

कौलारू: आपला पाऊस नैऋत्येकडून झोडपतो. पश्चिम-दक्षिणेला पडवी, तिथे छपराचा पुढावा किमान ९० सेंमी. पत्रे स्वस्त पडतील, पण जोराच्या सरीत वर्गात बाईंचं गाणं ऐकू येणार नाही. कौलं घाला, उतार ३० अंशांच्या आसपास. लादी गुळगुळीत चकचकीत नको. रेनकोटांच्या खुंट्या ९० सेंमीवर, दाराबाहेर.

भांडारात तांदूळ-कडधान्याचे डबे जमिनीपासून १५ सेंमी वर आणि भिंतीपासून १० सेंमी पुढे. चिऱ्याच्या भिंतीला टेकलेलं धान्य श्रावणापर्यंत बुरसतं.

साखळीकर: रस्ता पश्चिमेलाच आहे. मग मुलं पडवीतून धावत रस्त्यावर जातील ना?

कौलारू: पडवीला ९० सेंमीचा कठडा, उभ्या गजांचा. आडव्या पट्ट्यांवर पोरं शिडीसारखी चढतात. फाटकाची कडी बाहेरून वर.

पाटी-पेन्सिल: शौचालय वर्गाला लागूनच, अंगण ओलांडून नको. कमोडची उंची २८ सेंमी, बेसिनची ५० सेंमी. दार अर्धंच ठेवा, वरून ताईला दिसलं पाहिजे. स्वयंपाकघराला जाळीचं अर्धं दार, सिलिंडर बाहेर. प्लग १.५ मीटरवर.

आणि समुपदेशनाच्या खोलीवर पाटी लावू नका, तिला रस्त्याकडचं दारही नको. वाड्यावर कोण कुठे गेलं ते संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. दार सेवा-खोलीतून असलं की बाई वजन करायला आली, इतकंच दिसेल.